मुलाकडे अमेरिकेत राहायला जाताय? दिवस मोजताना या चुका टाळा

नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर निरोप द्यायला आलेली मंडळी बॅग किती किलोची भरली यावर तासभर बोलतात. तिकडे राहण्याचे दिवस किती भरले, हे कोणी विचारत नाही. मी बँकेतून निवृत्त झालो, त्रिमूर्तीनगरात राहतो, मुलाकडे जाऊन-येऊन असतो. त्यामुळे ओळखीचे लोक फाइल घेऊन घरी येतात. बहुतेकांचा घोळ एकाच जागी असतो. आपले दिवस तिघं मोजतात: तिकडचं इमिग्रेशन, दोन्ही देशांची आयकर खाती आणि इथली बँक. तिघांचंही माप निराळं.

व्हिसाची तारीख हीच राहण्याची मुदत समजणे

लक्ष्मीनगरचे एक काका पासपोर्ट उघडून व्हिसावर अंगठा ठेवून बसले होते. "दहा वर्षांचा आहे न, मग सहाच महिने काहून?" व्हिसा म्हणजे दारापर्यंत जायची परवानगी. आत किती दिवस राहायचं हे आय-९४ या नोंदीत असतं, आणि ती सरकारी संकेतस्थळावर पासपोर्ट नंबर टाकून दोन मिनिटांत दिसते. काकांची मुदत १४ नोव्हेंबरला संपत होती आणि परतीचं तिकीट होतं १६ चं, कारण दिवाळीनंतर भाडं उतरतं. मुदतीपेक्षा एक दिवस जास्त राहिलं तरी तो दहा वर्षांचा व्हिसा बाद होतो. १८० दिवसांच्या वर बेकायदा राहून परतलात तर तीन वर्षं, आणि वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा वर्षं प्रवेशबंदी. आजारपणामुळे खरंच थांबावं लागलं, तर मुदतवाढीचा अर्ज (आय-५३९) मुदत संपायच्या आत गेला पाहिजे. काकांनी तिकीट बदललं. दंड भरताना चेहरा असा पडला होता, जणू तो मीच लावला!

ग्रीन कार्ड घेऊन नागपुरातच राहणे

मुलगा हौसेनं ग्रीन कार्ड करून देतो. आई-बाबा उन्हाळ्यात दोन महिने तिकडे राहतात, बाकी वर्ष धरमपेठेत. ग्रीन कार्ड तिथे घर करून राहणाऱ्यासाठी आहे, फेऱ्या मारण्यासाठी नाही. सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलात की विमानतळावर प्रश्न सुरू होतात. वर्ष उलटलं तर नुसत्या कार्डावर आत घेतीलच असं नाही. जास्त दिवस इथे राहायचं असेल तर रीएंट्री परमिट काढा. ते दोन वर्षांपर्यंत मिळतं, पण अर्ज करताना तुम्ही अमेरिकेत असावं लागतं. इथे येऊन आठवलं तर उपयोग नाही. आणि फेऱ्याच मारायच्या असतील तर साधा व्हिजिटर व्हिसा बरा, हे माझं स्पष्ट मत. पोरांना राग येतो, येऊ द्या.

"१८२ दिवस झाले, मी एनआरआय"

अंबाझरीला सकाळी फिरणाऱ्यांत हे वाक्य रोज ऐकू येतं. हा हिशेब मुख्यतः आयकराचा. बँकेला लागू होतो तो फेमा, म्हणजे परकीय चलनाचा कायदा, आणि फेमा तुमचा हेतूही बघतो. सहा महिने लेकीचं बाळंतपण करायला गेलेली आई त्यानं एनआरआय होत नाही. पण ग्रीन कार्डावर, परत कधी यायचं ते न ठरवता जो गेला, तो जाताच अनिवासी ठरतो. १८२ दिवसांची वाट बघायची नाही. मग बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी माणसाचं इथलं रुपयातलं खातं, करायला हवं. हे न सांगता जुनं खातं तसंच चालवणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. नुसता पत्ता बदलून भागत नाही.

त्याच ओघात दुसरी चूक घडते. एप्रिल आला की हात सवयीनं 'व्याजातून कर कापू नका' सांगणाऱ्या फॉर्मकडे (जुना १५एच) जातो. तो निवासी माणसासाठी आहे. एनआरओवरच्या व्याजातून सेससकट ३१.२ टक्के कापले जातात, पहिल्या रुपयापासून. कर तेवढा बसत नसेल तर रिटर्न भरून परतावा मिळतो, आणि तिकडचं कर निवासी प्रमाणपत्र दिलं तर दोन देशांतल्या करारानं व्याजावरचा दर १५ टक्क्यांवर येतो. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना अनिवासीला नव्यानं घेता येत नाही. जुना पीपीएफ मुदतीपर्यंत चालतो, पुढे वाढवता येत नाही.

आधीच चूक झाली असेल तर गप्प बसू नका. शाखेत जाऊन खातं बदलून घ्या आणि राहिलेली रिटर्न कोणत्या वर्षांची भरता येतात ते सीएला विचारा.

तिकडचा हिशेब विसरणे

ग्रीन कार्ड म्हणजे जगभरच्या उत्पन्नाचा हिशेब अमेरिकेला देणं. नागपुरातलं घरभाडं, पेन्शन, एफडीचं व्याज, सगळं. शिवाय अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे त्या खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरायचा. निवृत्तीच्या पैशाच्या दोन एफडींतच ही रेषा ओलांडली जाते. भारतीय म्युच्युअल फंडांचे नियम तर इतके किचकट आहेत की तिकडच्या सीएची फी त्यातच जाते. कार्ड यायच्या आधीच त्यांचं काय करायचं ते ठरवा.

व्हिजिटर व्हिसावाल्यांनाही एक गंमत आहे. यंदाचे पूर्ण दिवस, गेल्या वर्षीचे एक तृतीयांश, त्याआधीचे एक षष्ठांश अशी बेरीज होते. दरवर्षी १७० दिवस राहिलात तर आकडा २५५ होतो, आणि तो १८३ किंवा त्याहून जास्त झाला की तुम्ही तिकडच्या करापुरते रहिवासी! चालू वर्षाचे दिवस १८३ पेक्षा कमी असतील तर ८८४० नंबरचा फॉर्म १५ जूनपर्यंत भरून 'माझं घर-संसार भारतात' असं सांगता येतं. हे बहुतेकांना माहीतच नसतं.

सिम कार्ड घरी ठेवून जाणे

ही चूक माझी. "रोमिंगला पैसे कशाला?" म्हणून सिम काढलं आणि स्वयंपाकघरात बडीशेपेच्या डब्यात ठेवून गेलो. ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी नंबर बंद करू शकते. माझा झाला. बँकेचा ओटीपी त्यावर, आधार त्यावर, आयकराचं लॉगिनही त्यावर. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायची वेळ आली आणि त्यात माझा सगळा जीव अडकला. तो दाखला आता फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरून देता येतो, नाहीतर भारतीय दूतावासातून सही करून पाठवता येतो. मला दुसरा मार्ग धरावा लागला: न्यू जर्सीहून न्यूयॉर्क, रांग, आणि पाठीवर बोचरं वारं.

ते सिम आता जुन्या फोनात घालून चार्जरसकट हातातल्या बॅगेत असतं. रिचार्जची तारीख सुनेनं स्वतःच्या कॅलेंडरात टाकून ठेवली आहे, कारण माझ्यावर तिचा विश्वास उरलेला नाही.