गिटारच्या एफ कॉर्डमध्ये पहिल्या दोन तारा वाजत नव्हत्या: माझा अनुभव

तर्जनी सहाही तारांवर आडवी दाबून एफ मेजर हा कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा मेळ) धरला की पहिली आणि दुसरी, म्हणजे सगळ्यात बारीक दोन तारा, नुसती ‘टक्’ करायची, बाकीच्या ठणठणीत. बारीक गेजच्या (कमी जाडीच्या) तारा बसवल्या, अंगठ्याचा जोर वाढवला. मनगट तेवढं दुखलं. वैताग नुसता!

जमलं ते असं. सुरुवात पाचव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांमधलं घर), तिथे तारा कमी जोरात दबतात. तर्जनी सपाट न ठेवता अंगठ्याकडच्या हाडाळ कडेवर किंचित कलती केली, फ्रेटच्या पट्टीला चिकटून. पेराची घडी नेमकी दुसऱ्या तारेवर येत होती, म्हणून बोट छताच्या दिशेने जरासं सरकवलं. मग अनामिका पाचव्या तारेवर, करंगळी चौथ्या (दोन्ही सातव्या फ्रेटला), मधलं बोट तिसऱ्या तारेवर, सहाव्या फ्रेटला. म्हणजे तर्जनीकडे तीनच तारा उरतात: सहावी, दुसरी, पहिली. एकेक तार छेडून तपासली, की एक फ्रेट मागे, असं करत पहिल्या फ्रेटपर्यंत.