सरगॅसम ओळखताना या चुका टाळा

शेंड्याचा फोटो पाठवून "ही कुठली प्रजाती?" असं विचारणं आधी थांबवा. सरगॅसम या तपकिरी समुद्री शेवाळाच्या एकाच झाडावर बुडाची पानं रुंद आणि वरची अरुंद असतात. बुडाचं पान पाहणारा इलिसिफोलियम म्हणतो, शेंडा पाहणारा टेनेरिमम, आणि दोघांच्या हातात झाड एकच! खडकाला चिकटलेल्या चकतीपासून शेंड्यापर्यंत अख्खं झाड घ्या. चकती बोथट पातीने सोडवा. दोन-तीन झाडं पुरतात, टोपली भरायची गरज नाही. मग याच क्रमाने पाहा: चकती, खोड गुळगुळीत की काटेरी, बुडाचं पान, वरचं पान, हवेचे फुगे गोल की लांबट, आणि शेवटी पानाच्या बगलेतली रिसेप्टॅकल, म्हणजे प्रजननाच्या बारीक फांद्या. त्या नसतील तर वहीत फक्त "सरगॅसम" लिहा. घाईने ठोकलेलं नाव पुढे वर्षानुवर्षं याद्यांमध्ये फिरत राहतं.

दुसरी चूक नकाशावरची. पुळणीवर लागलेला ढीग पाहून "इथे वाढते" अशी नोंद करू नका. फुग्यांमुळे तुटलेली फांदी दूरवर तरंगत जाते. जपानकडची सरगॅसम म्युटिकम 1973मध्ये इंग्लंडच्या आइल ऑफ वाइटवर रुजलेली सापडली. लोकांनी हातांनी उपटून काढली, तरी ती पसरतच गेली, कारण तिच्या एकाच झाडावर नर-मादी दोन्ही अवयव असतात आणि वाहत गेलेली एक फांदीही नवी वसाहत सुरू करू शकते. म्हणून वाहून आलेली आणि रुजलेली यांचे रकाने वेगळे ठेवा. शोधूनही न सापडलेली जागाही तारखेसह लिहा. पसरण्याचा वेग त्यावरूनच कळतो.

कोकणात वाहून आलेल्या सरगॅसमला नाटान्स किंवा फ्लुइटान्स म्हणू नका. त्या अटलांटिकच्या, आयुष्यभर तरंगतात, त्यांना चकतीच नसते.

भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी ओहोटीला जाऊ नका, खालचा पट्टा उघडाच पडत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे, डिसेंबर-जानेवारीत जा.

नमुना नळाच्या पाण्यात धुऊ नका, समुद्राच्याच पाण्यात धुवा. फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रावणात टाकण्याआधी नखाएवढा शेंडा ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये वाळवून ठेवा. नंतर डीएनए तपासायचा झाल्यास फॉर्मॅलिनमधला तुकडा सहसा कामी येत नाही.

मालवणच्या सागरी अभयारण्यात मात्र वन विभागाच्या परवानगीशिवाय एक पानही तोडू नका.