बोटीत गाडी चढवायच्या आधी एक पिशवी वेगळी काढा
बाबांच्या गावी जाताना गाडी फेरीबोटीत लावली, वर आलो आणि कळलं की आजीची औषधं अन् स्वेटर डिकीतच. मोठ्या बोटींवर एकदा बोट निघाली की खाली गाडीपाशी सहसा सोडत नाहीत. म्हणून आता रांगेत असतानाच हे उरकतो:

१. औषधं, पाणी, स्वेटर, चार्जर, पोरांचे कपडे एका पिशवीत, ती मांडीवरच.
२. हँडब्रेक लावून गाडी गिअरमध्ये ठेवायची, अलार्म बंद करता येत असेल तर करायचा, नाहीतर बोट हलली की तो बोंबलत राहतो आणि बॅटरी उतरते ती वेगळीच.
३. डेकचा नंबर आणि जिन्याचा फोटो.

उलटीची गोळी निघायच्या अर्धा-एक तास आधी, पण उतरल्यावर गाडी चालवणाऱ्याने घेऊ नका, झोप येते.