चंदी मानवत नाही? पौष-माघात घोड्याचा खुराक तपासून घ्या

दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा होते, पाठोपाठ लोहा तालुक्यातली माळेगावची. तिथून घेतलेला घोडा नव्या तबेल्यात येतो आणि पंधरा दिवसांत मालक डॉक्टरांना फोन लावतो. लीद पातळ झाली, अंगावर गांधी उठल्या, पुढचे पाय टेकवत नाही. जनावर फसवून विकलं असं म्हणण्याआधी गव्हाणीत काय पडतंय ते बघा. विकणारा बाजरी देत होता, तुम्ही पहिल्याच सकाळी भिजवलेला हरभरा दिलात, तर पोट बिघडणारच. सौदा करताना दात बघतो तसं खाणंही विचारावं: काय, किती, दिवसातून किती वेळा. जमलं तर त्याच्याकडचीच आठ-दहा दिवसांची वैरण आणि चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, टेम्पोत टाकून आणावी आणि दर तीन दिवसांनी पाव हिस्सा बदलत नव्यावर यावं.

घोड्याला अन्नाची खरी ॲलर्जी क्वचित असते. खाजेचं नेहमीचं कारण म्हणजे चिलटं. पावसाळ्यात आयाळ आणि शेपटीचं मूळ घासून केस गेले आणि थंडी पडल्यावर खाज आपसूक उतरली, तर हरभऱ्याला दोष देऊ नका. म्हणूनच पौष-माघ तपासणीला सोयीचे: चिलटं कमी असतात, वाळलेलं गवत नवं असतं. आताही खाज किंवा गांधी चालूच असतील तर खाण्यावर संशय घ्यायला जागा आहे. रक्ताच्या ॲलर्जी-तपासणीवर मात्र पैसे घालू नका, खाण्याच्या बाबतीत तिचा भरवसा धरता येत नाही. ते पैसे लीद तपासून जंत बघण्यावर आणि दाढा घासून घेण्यावर खर्च करा. घोडा खंगत असेल तर सर्रा, म्हणजे रक्तातल्या परजीवीचा रोग, आहे का ते रक्त तपासून बघा.

मग सुरू करायची ती खुराकातल्या पदार्थांची वजाबाकी. आपल्याकडे उलटं होतं. घोडा उतरला की कोणी टॉनिक सुचवतो, कोणी तूप, कोणी मेथीचे लाडू, आणि महिन्याभरात तोबऱ्यात नऊ पदार्थ जमतात. नक्की काय बाधलं हे मग ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

आधी वजनाचा अंदाज घ्या. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि 11,880 ने भागा. घेर 165 आणि लांबी 165 असेल तर वजन सुमारे 378 किलो. एवढ्या घोड्याला दिवसाला सात-आठ किलो वाळलेलं गवत लागतं. मारवेल, पवन्या किंवा स्वच्छ हरळी, एकाच जातीचं. चार-पाच वेळा विभागून द्या. तपासणीच्या काळात गवत, पाणी आणि 30 ग्रॅमच्या आसपास साधं मीठ, एवढंच. लसूणघासही बंद, कारण संशयितांत तोही असतो. चंदी एकदम तोडू नका, दहा ते चौदा दिवसांत उतरवत न्या. नंतर निदान चार आठवडे हाच खुराक ठेवा. तक्रार कातडीची असेल तर सहा ते आठ. एवढे दिवस काम हलकं हवं. गाभण घोडी आणि शिंगरू यांच्यावर हा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

बहुतेक घोड्यांची तक्रार ॲलर्जीची नसतेच, ती मापाची असते. घोड्याचं पोट अंगाच्या मानाने लहान, जेमतेम 8 ते 15 लिटरचं. एका वेळी जास्त धान्य गेलं की ते न पचता मोठ्या आतड्यात उतरतं, तिथे आंबतं, आणि त्याचा त्रास पोटशूळात आणि खुरांत दिसतो. संवेदनशील घोड्याला एका वेळी किलोभरापेक्षा जास्त चंदी नको, आणि तीही गवत खाऊन झाल्यावर. सुट्टीच्या दिवशी निम्मीच. गूळ-बाजरीचा गोळा ही हौस आहे, गरज नाही. दुधाचंही तसंच: मोठ्या घोड्याला दुधातली साखर पचत नाही, लीद पातळ होते. बाजारात ‘रोज पाच लिटर दूध पितो’ अशी फुशारकी ऐकली की मला त्या घोड्याच्या आतड्यांची काळजी वाटते. लग्नसराईत वऱ्हाडी पेढे-जिलेबी भरवतात, तेव्हा घोडा सांभाळणाऱ्या मोतद्दाराने हात आडवा धरायला लाजू नये.

गव्हाच्या कोंड्याबद्दल जरा सविस्तर, कारण तो सगळ्यांना निर्धोक वाटतो. कोंड्यात स्फुरद कॅल्शियमच्या दहापट असतं. रोज पाटीभर कोंडा खाणाऱ्या घोड्याच्या हाडांतून कॅल्शियम निघत जातं. आधी कधी या पायाने तर कधी त्या पायाने लंगडतो, पुढे चेहऱ्याची हाडं फुगतात. त्यात गोठ्यातल्या म्हशींसाठी लावलेलं नेपिअर घोड्यालाही घातलं तर भर पडते, कारण त्यातलं ऑक्झॅलेट उरलेलं कॅल्शियमही अंगी लागू देत नाही. म्हशीला जे चालतं ते घोड्याला चालेलच असं नाही. तपासणी संपल्यावर मानवला तर किलो-दोन किलो लसूणघास कॅल्शियमसाठी उपयोगी पडतो. कोवळी हिरवी ज्वारी मात्र कधीच नको.

कोंबडीखाद्य आणि गाई-म्हशींची गोळी पेंड घोड्याच्या तोंडाजवळही नेऊ नका. त्यात मोनेन्सिन मिसळलेलं असू शकतं. कोंबडीला औषध असलेलं हे द्रव्य थोड्या प्रमाणातही घोड्याचं हृदय बंद पाडतं. बुरशी लागलेला मकाही तसाच: तो घोड्याच्या मेंदूवर जातो आणि त्यावर इलाज नाही. वरचा थर काढून बाकीचं घालू, असा विचार करू नका.

खोकला असेल तर संशय धुळीवर घ्या. गवत अर्धा तास भिजवून, पाणी फेकून, जमिनीवर ठेवून द्या. कुट्टी झाडताना घोडा बाहेर बांधा. थंडीत घोडा पाणी कमी पितो, त्यामुळे लीद घट्ट होऊन अडकते. पहाटे पाणी कोमट करून दिलं तर फरक पडतो.

चार आठवड्यांत घोडा सुधारला तर एकेक पदार्थ परत आणा. ओट परवडत असेल तर आधी ओट, मग हरभरा. प्रत्येकाला दोन आठवडे द्या, मूठभरापासून वाढवत. तक्रार परतली की तो पदार्थ काढा, थांबा, एकदा पुन्हा देऊन खात्री करा. मात्र आधी खूर धरलेले असतील, म्हणजे खुरांना आतून सूज आली असेल, किंवा श्रमानंतर अंग आखडून लघवी कॉफीसारखी झाली असेल, तर धान्याची परीक्षा पुन्हा नको. ताकदीसाठी सोयाबीन किंवा सूर्यफुलाचं तेल 30 मिलीपासून वाढवत दोन-तीन आठवड्यांत 200 मिलीपर्यंत न्या. एकदम ओतलंत तर लीद तेलकट येते.

गांधींबरोबर तोंड सुजून श्वास लागला, घोडा लोळतोय आणि लीद थांबली, किंवा वजन मागे टाकून खूर गरम लागताहेत, अशा वेळी गव्हाण रिकामी करा, पाणी ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. गेल्या तीन दिवसांत घोड्याने काय काय खाल्लं ते वहीत लिहिलेलं असेल, तर ती वही त्यांच्या हातात द्या.