के रीडिंग दर वेळी वेगळे येते? केराटोमीटर वापरताना या चुका टाळा

एकाच डोळ्याची तीन के रीडिंग, म्हणजे कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) वक्रतेची मापे, तीन तऱ्हेची आली की संशय आधी यंत्रावर जातो. पण दोष बहुधा आयपीसमध्ये (ज्यातून आपण बघतो त्या भिंगात), अश्रूंच्या थरात नाहीतर पेशंटच्या बसण्यात असतो. केराटोमीटर कॉर्नियाच्या मधल्या साधारण ३ मिमी भागातून परावर्तित होणारे प्रतिबिंब मोजतो आणि ३३७.५ भागिले त्रिज्या या हिशेबाने डायोप्टरमध्ये पॉवर देतो. ७.५० मिमी त्रिज्या म्हणजे ४५.००, तीच ७.६० मोजली गेली, तर ४४.४१. मोतीबिंदूच्या लेन्सची पॉवर काढताना एवढा फरक जवळपास तसाच्या तसा नंबरात उतरतो.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते ते आयपीसकडे. समोर कोरा पांढरा कागद धरा. आयपीस घड्याळाच्या उलट दिशेने पूर्ण बाहेर काढा, मग हळूहळू आत फिरवत या आणि फुलीच्या रेषा पहिल्यांदा स्पष्ट दिसतील तिथेच थांबा. पुढे जाऊन ‘अजून छान दिसते का’ बघू नका, कारण मधल्या वेळात तुमचा डोळा अ‍ॅकॉमोडेशन करून (स्वतःचा फोकस बदलून) चुकीचा फोकसही स्पष्ट दाखवतो. माणूस बदलला की हे सेटिंग पुन्हा करायचे. तरीही शंका उरली, तर स्टीलच्या गोळीवर तपासा: ७.९४ मिमी त्रिज्येच्या गोळीवर ४२.५० च्या आसपास यायला हवे.

आता मायर, म्हणजे कॉर्नियावरून परावर्तित होऊन यंत्रात दिसणारी वर्तुळे आणि त्यांच्यालगतची चिन्हे. तीन वर्तुळांपैकी खाली उजवीकडचे दुहेरी दिसत असेल, तर फोकस सुटलेला आहे. अशा वेळी अधिकची (+) चिन्हे जुळवली तरी आकडा खोटाच. एक हात सतत फोकसच्या नॉबवर ठेवा, कारण पेशंट जरासा मागे सरकला तरी वर्तुळ दुभंगते. फुली त्याच वर्तुळाच्या मधोमध हवी. अधिकच्या आडव्या रेषा पायरीसारख्या वरखाली दिसल्या, तर आधी नळी फिरवून त्या एका रेषेत आणा, म्हणजे अक्ष मिळेल. पॉवर जुळवायची ती त्यानंतर. डोके तिरके असेल, तर अक्षही तेवढाच तिरका येतो.

मायर थरथरत असतील किंवा तुटक दिसत असतील, तर डोळा कोरडा आहे. दोनदा पापणी मिटायला सांगा आणि लगेच वाचा. घट्ट ड्रॉप घालून ताबडतोब मोजू नका, त्यानेही प्रतिबिंब विस्कटते. डोळ्याला स्पर्श होणारी कोणतीही तपासणी, मग ती डोळ्याचा दाब मोजण्याची असो वा ए-स्कॅन (अल्ट्रासाउंडने डोळ्याची लांबी मोजणे), के रीडिंगनंतरच करायची. पापणी वर धरावीच लागली, तर बोट हाडावर टेकवा. बुबुळावर दाब पडला की नसलेले अ‍ॅस्टिग्मॅटिझम (दिशेनुसार वेगळी वक्रता) दिसते.

पापणी मिटूनही मायर अंड्यासारखे ओढलेले राहिले आणि अधिकची चिन्हे एकमेकांवर बसेनात, तर जबरदस्तीने आकडा काढू नका. केराटोकोनसच्या (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराच्या) शंकेने टोपोग्राफीला, म्हणजे कॉर्नियाचा नकाशा काढायला, पाठवा. स्केल ५२ ला संपते म्हणून ‘५२’ लिहून मोकळे होणे तर सर्वांत वाईट. यंत्राच्या पेशंटकडच्या बाजूला +१.२५ ची लेन्स लावून तक्त्यातून पुढचा आकडा मिळतो.

नोंद करताना मेरिडियन (ज्या दिशेत पॉवर मोजली ती) आणि सिलिंडरचा अक्ष यांची गल्लत फार होते. १८० वर ४३.०० आणि ९० वर ४४.५० असेल, तर कॉर्नियाचा मायनस सिलिंडर १.५०, अक्ष १८०, ९० नव्हे. दोन डोळ्यांच्या सरासरीत १ डायोप्टरहून जास्त फरक, किंवा ४० च्या खाली वा ४७ च्या वर रीडिंग आले, तर पेशंटला उठवून, पुन्हा बसवून मोजा.

कॉन्टॅक्ट लेन्स आणि लेसिकबद्दल (नंबर घालवण्याच्या लेसर शस्त्रक्रियेबद्दल) मोजण्याआधीच विचारा. लेन्सने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. सेमीसॉफ्ट लेन्सचा परिणाम जायला आठवडे लागतात. मायनस नंबरसाठी लेसिक झालेल्या डोळ्यात मायर सुरेख दिसतात, तरी आकडा खऱ्या पॉवरपेक्षा जास्त येतो, कारण पुढच्या आणि मागच्या पृष्ठभागाचे जे प्रमाण सूत्रात गृहीत धरलेले असते तेच बिघडलेले असते. नेहमीच्या हिशेबाने लेन्स टाकली, तर ऑपरेशननंतर प्लस नंबर उरतो. म्हणून ‘लेसिक झालेले’ हे शब्द रीडिंगच्या शेजारीच लिहा.