पुनर्वसन समन्वयक घडवताना या चुका टाळा

"मॅडम, गोळ्या वेळेवर घेतोय, पण दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. आता मी काय करू?"

प्रशिक्षण झालं की दोन-तीन महिन्यांत असा फोन हमखास येतो. समाजकार्य शिकलेल्या मुली, परिचारिका, क्वचित एखादा मानसशास्त्रज्ञ यांना आम्ही समन्वयक म्हणून तयार करतो. मानसिक आजारातून सावरणाऱ्या माणसाला त्याच्याच गावात, त्याच्याच घरात उभं राहायला मदत करणं हे त्यांचं काम. या फोनचा दोष समन्वयकाचा नाही, शिकवणाऱ्यांचा आहे.

आजार शिकवला, काम शिकवायचं राहिलं

आमच्या सुरुवातीच्या वर्गांत पाचपैकी चार दिवस लक्षणं आणि औषधांतच जायचे. भास आणि भ्रम यांतला फरक सगळ्यांना पाठ व्हायचा. पण मनोविकारतज्ज्ञ तालुक्याला कोणत्या वारी येतात, महिन्याचं इंजेक्शन संपलं तर कोणाला गाठायचं, हे कुणीच सांगू शकायचं नाही. आता निम्मे दिवस वस्तीवर जातात. प्रत्येकीला एक घर नेमून दिलेलं असतं. त्या घरातल्या शुभार्थीच्या आयुष्यात कोण कोण आहे, कोण तुटलंय, कोणाला परत जोडता येईल, हे ती कागदावर मांडते. (आजारातून सावरणारा तो शुभार्थी आणि त्याला सांभाळणारा तो शुभंकर, हे आपल्या आधारगटांतले शब्द आम्ही मुद्दाम पहिल्याच दिवशी शिकवतो. 'पेशंट' जिभेवरून जायला वेळ लागतो.)

आता त्या झोपून राहणाऱ्या मुलाकडे येऊ. "आळशी झालाय" हे घरच्यांचं निदान समन्वयकाने तसंच उचलायचं नाही. गुंगी औषधाची असू शकते. मग मात्रा किंवा वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारायचं, स्वतः काही सुचवायचं नाही. इच्छाच मावळणं हा स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचा भाग असू शकतो आणि तो गोळ्यांनी सहजी हटत नाही. किंवा मन खचलेलं असेल; तेव्हा मरणाचे विचार येतात का, हे थेट विचारावंच लागतं. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. हे सगळं पाहून झालं की मग एक काम, अगदी लहान: सकाळी दूध आणणं. तेही त्याने निवडलेलं हवं.

प्रमाणपत्राच्या दिवशी गाडी अडते

अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जाताना आई मुलाला आंघोळ घालून, इस्त्रीचा शर्ट चढवून नेते आणि तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोर अभिमानाने म्हणते, "आता अगदी बरा आहे हो." मग टक्के चाळीसच्या खाली राहतात आणि योजनांचं दार बंद होतं. तपासणीच्या आयडियाज मोजपट्टीत स्वतःची काळजी, नातेसंबंध, संवाद व समज आणि काम या चार बाबी पाहतात. समन्वयकाने आधीच प्रत्येक बाबीवर खरं आणि नेमकं लिहून द्यावं: सांगितल्याशिवाय आंघोळ करत नाही, सुट्टे पैसे मोजता येत नाहीत. गंमत अशी की त्याच हाताने, त्याला काम देऊ शकेल अशा दुकानदाराला, तो काय काय करू शकतो याचीही चिठ्ठी लिहायची असते. दोन्ही खरंच असतं. प्रशिक्षणात दोन्ही लिहायला लावा.

दारात गाडी, गावात बोभाटा

संस्थेची पाटी लावलेली जीप घरासमोर उभी करू नका. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्क दिलाय, तसाच समाजात राहण्याचाही. शेजाऱ्याला माहिती द्यायची असेल, तर आधी शुभार्थीची परवानगी हवी.

शिकवून सोडून देणं

ही चूक मला सर्वांत जास्त बोचते. सातारा, गोवा आणि तमिळनाडूत स्किझोफ्रेनिया असलेल्या 282 जणांवर झालेला कोप्सी अभ्यास 2014 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा, जोडीला घरी जाणारे कार्यकर्ते असले की लक्षणं आणि अपंगत्व यांत थोडा अधिक फरक पडला. ते कार्यकर्ते तज्ज्ञ नव्हते, पण एकटेही नव्हते. त्यांच्यामागे समन्वयक होते, मनोविकारतज्ज्ञ होते. आपल्याकडे मात्र प्रमाणपत्र हातात दिलं की संपलं. निदान महिन्यातून दोनदा बसा, अडलेल्या दोन घरांबद्दल बोला. जिला रडू येतंय तिला रडू द्या. हे काम माणसाला आतून पोखरतं.

आणि एक प्रश्न आहे, जो टाळायला आम्हीच नकळत शिकवत होतो. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत आई हळूच विचारते, "माझ्यामागे याचं कोण करील?" समन्वयक घाईने म्हणते, "तो बरा होईल, काळजी करू नका." असं म्हणू नका. वही काढा. शुभार्थीला विचारा, आजारपणात तुझ्या वतीने कोणी बोलावं असं तुला वाटतं? त्याचं नाव, पत्ता आणि ते माणूस तयार आहे का, हे लिहा. कायद्याने शुभार्थीलाच आपला प्रतिनिधी नेमता येतो. मग पुढच्या भेटीत त्या माणसाच्या घरी जा.