व्हीलचेअरवरून बस, लोकल, मेट्रोने निघताय? या चुका टाळा

मुंबई-पुण्यात व्हीलचेअरवरून पहिल्यांदाच बसने, लोकलने किंवा मेट्रोने निघणाऱ्यांना सोबत म्हणून मी बरीच वर्षं जाते आहे. मी स्वतःही व्हीलचेअर वापरते. माणसं बदलतात, चुका मात्र त्याच. आणि जवळजवळ प्रत्येक चुकीच्या मुळाशी घाई असते. मागे लोक खोळंबलेत, कंडक्टर बघतोय, गाडी सुटेल, या दडपणाखाली माणूस आपली खुर्ची येईल त्याच्या हातात देऊन टाकतो.

खुर्ची कुठे धरायची ते न सांगणं

सगळ्यात जास्त दुखापती मी यातून झालेल्या पाहिल्या आहेत, म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

2014 मध्ये घाटकोपरला लोकलमध्ये चढताना एक मुलगी फटीत पडली आणि तिचे दोन्ही हात गेले. त्या अपघातानंतर न्यायालयाने लक्ष घातलं आणि उपनगरी स्थानकांवरच्या फलाटांची उंची वाढवायचं काम सुरू झालं. तरीही लोकलचा डबा आणि फलाट यांच्यात चढ राहतोच, फटही राहते. त्यामुळे दिव्यांगांच्या डब्यात चढताना बहुतेकांना अजून उचलूनच घ्यावं लागतं. मदतीला लोक धावून येतात, त्यांच्या मनात चांगलंच असतं. पण व्हीलचेअर कशी धरायची हे त्यांना माहीत असायचं काही कारण नाही. ते तुम्ही सांगायचं असतं, आणि हात लागायच्या आधी.

एक तरुण होता. बाईकच्या अपघातात मणक्याला मार लागलेला, कमरेखाली संवेदना नाही. नोकरीच्या मुलाखतीला निघाला होता. गर्दीची वेळ, गाडी जेमतेम 20-30 सेकंद थांबणार. मी त्याला म्हणत होते की ही जाऊ दे, पुढची घेऊ, तोवर दोन माणसांना नीट समजावून ठेवू. त्याला धीर नव्हता. गाडी थांबली, तिघे पुढे आले, त्याने मान हलवली आणि खुर्ची उचलली गेली. एकाने मागची हँडल धरली, ते बरोबर होतं. दुसऱ्याने हात टेकवायचा आर्मरेस्ट धरला, तिसऱ्याने फुटरेस्ट. घडीच्या बऱ्याच खुर्च्यांचे आर्मरेस्ट खटका दाबून काढायचे असतात आणि फुटरेस्ट बाजूला फिरतात. आर्मरेस्ट उपसून त्या माणसाच्या हातात आला, फुटरेस्ट फिरला आणि मुलगा कडेने डब्याच्या दारात पडला. लोकांनी आत ओढून घेतलं, बसवलं, पाणी दिलं. "काही नाही झालं," असं तो सगळ्यांना सांगत होता, कारण त्याला खरंच काही जाणवत नव्हतं. मुलाखत दिली, घरी गेला. रात्री आईने मोजे काढले तेव्हा घोटा सुजून टम्म झालेला. हाड मोडलं होतं.

तेव्हापासून मी प्रत्येकाला खुर्चीवर रंगीत चिकटपट्ट्या लावायला सांगते. मागच्या हँडलना आणि पुढच्या चाकांच्या वरच्या, फ्रेमच्या उभ्या पक्क्या नळ्यांना हिरवी. आर्मरेस्ट, फुटरेस्ट आणि मोठ्या चाकांना लाल. मग गर्दीतही एका दमात सांगता येतं: "हिरव्या पट्टीला धरा, लाल पट्टीला नको, मी तीन म्हटलं की उचला." मोजायचं तुम्ही, त्यांनी नाही. कमरेचा पट्टा लावलेला हवा आणि पाय फुटरेस्टला बांधलेले हवेत. पायांना संवेदना नसेल तर घरी पोचल्यावर मोजे काढून दोन्ही पाय नीट बघा, प्रवासात काही झालेलं नसलं तरी. जमलं तर गाडी जिथून सुटते त्या स्थानकावर चढा, तिथे ती जास्त वेळ उभी असते.

मोटरची खुर्ची असेल तर उचलण्याचा विषयच काढू नका. बॅटरीसकट तिचं वजन साध्या खुर्चीच्या कित्येक पट असतं.

रॅम्प असताना उचलून घ्यायला होकार देणं

लोकलमध्ये नाइलाज असतो. रॅम्पच्या बसमध्ये तो नाही, आणि तिथे लोक ही वाट धरतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. कंडक्टर म्हणतो, "रॅम्प कशाला, दोघे मिळून उचलतो की." नवखा माणूस संकोचून हो म्हणतो. रॅम्प उघडला जात नाही, बिजागरात धूळ-चिखल साठतो, आणि पुढच्या वेळी कुणी मागितला तरी तो हलत नाही. दोन मिनिटं वाचवायला दिलेला तुमचा होकार तुमच्यामागून येणाऱ्याला महागात पडतो. नम्रपणे पण ठामपणे सांगा: "दादा, रॅम्प उघडा, मी थांबते."

याहूनही महत्त्वाचं म्हणजे बस कुठे थांबते. लो-फ्लोअर बसचा मजला रस्त्यापासून साधारण 400 मिलिमीटर उंच असतो. फुटपाथ 150 मिलिमीटरचा असला आणि बस त्याला खेटून थांबली, तर रॅम्पला 250 मिलिमीटरच चढायचे असतात. तीच बस रस्त्यात मध्येच थांबली तर पूर्ण 400. इमारतीच्या रॅम्पसाठी 1:12 असा उतार, म्हणजे एक भाग उंचीला बारा भाग लांबी, धरतात, त्या हिशेबाने 400 मिलिमीटर चढायला जवळजवळ पाच मीटर लांबी लागेल. बसचा रॅम्प असतो साधारण मीटरभर. इतक्या उभ्या चढावर खुर्ची मागे उलटू शकते. म्हणून मी बस दिसली की लगेच हात करते, ड्रायव्हरला फुटपाथकडे खूण करते आणि त्याने नजरेने होकार दिल्याशिवाय जागची हलत नाही. लांब थांबवली तर पुढे-मागे घ्यायला सांगते. चढताना तोंड बसकडे, अंग पुढे झुकलेलं, मागे हँडलला एक माणूस. उतरताना पाठ रस्त्याकडे, तो माणूस तुमच्या मागे, रस्त्यावर उभा. तोंड पुढे करून उतरण्याचा हट्ट नवखे का धरतात ते मला अजून समजलेलं नाही. त्यात माणूस खुर्चीतून सरळ पुढे फेकला जातो.

आत गेल्यावर आडवं थांबू नका. बसच्या लांबीच्या दिशेने खुर्ची लावा, ब्रेक लावा, पट्टा असेल तर तोही लावा. कचकन ब्रेक बसला की आडवी खुर्ची कडेवर उलटते, चाकांचे ब्रेक तिला वाचवत नाहीत.

मेट्रोच्या फटीत पुढची चाकं आधी घालणं

मेट्रोत डबा आणि फलाट जवळजवळ एका पातळीवर असतात, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो. तिरकं जाल तर पुढचं छोटं चाक वळून फटीत बसतं आणि दार बंद व्हायची वेळ येते. दाराशी काटकोनात या. सोबत कुणी असेल तर खुर्ची फिरवून पाठमोरे आत जा, म्हणजे मोठी चाकं आधी फट ओलांडतील. एकटे असाल आणि पुढची चाकं उचलायचा सराव नसेल तर फलाटावरच्या कर्मचाऱ्याला बोलवा. हा सराव घरी गादीजवळ, मागे माणूस उभा करून करायचा असतो. फलाटावर शिकायला जाऊ नका.

लिफ्टबद्दलही एक सांगते. बऱ्याच स्थानकांवर दोन लिफ्ट बदलाव्या लागतात: रस्त्यावरून तिकिटांच्या मजल्यावर एक, तिथून फलाटावर दुसरी. पहिली चालू दिसली म्हणून निघू नका. आणि उतरायच्या स्थानकावरच्या लिफ्ट चालू आहेत का, रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहेत, हे गाडीत चढायच्या आधीच आपल्या स्थानकावरच्या कर्मचाऱ्यांना तिकडे फोन करून विचारून घ्यायला सांगा. सरकत्या जिन्यावर खुर्ची कधीही नेऊ नका, कुणी कितीही खात्री दिली तरी.

बाकीच्या

टायरमध्ये हवा कमी असेल तर ब्रेक नुसता टेकतो, धरत नाही. निघण्याआधी अंगठ्याने टायर दाबून बघा.

मोटरची खुर्ची रॅम्पवर असताना मोटर चाकांपासून मोकळी करून ढकलू नका.

पावसात पत्र्याचा रॅम्प आणि हाताने फिरवायची रिंग, दोन्ही निसरडे होतात. कोरडं फडकं मांडीवर ठेवा.

दिव्यांगांच्या डब्याचं दार इतर प्रवाशांनी अडवलं असेल तर भांडत बसू नका, रेल्वेच्या 139 या हेल्पलाइनला फोन करा.

घरापासून थांब्यापर्यंतचा रस्ता आदल्या दिवशी कुणाला तरी बघून यायला सांगा. फुटपाथवर दुचाकी येऊ नयेत म्हणून रोवलेल्या खांबांमधून खुर्ची जात नाही. मुंबईतल्या या खांबांची दखल 2023 मध्ये उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली होती, पण तुमच्या गल्लीतला खांब अजून तिथेच असू शकतो.

तक्रार न करणं, किंवा मोघम करणं

सार्वजनिक वाहनं वापरता यावीत हा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 41 चा विषय आहे, त्यामुळे तक्रार करताना आपण मेहेरबानी मागत नसतो. बसच्या नंबरप्लेटचा फोटो काढा, नुसता मार्ग क्रमांक पुरत नाही. थांबा आणि वेळ लिहा. "रॅम्प उघडला नाही" एवढ्यावर थांबू नका, का उघडला नाही ते लिहा: बिजागर गंजलं होतं, उघडायचा हुक गाडीत नव्हता, की कंडक्टरने नकार दिला. पहिलं वर्कशॉपचं काम आहे, दुसरं गाडी डेपोतून सोडणाऱ्याचं आणि तिसरं कंडक्टरच्या साहेबांचं. मोघम तक्रार या तिघांच्या टेबलांवर फिरत राहते.